मागची बाजू

१

दगडाची पुढची बाजू माझी आणि मागची त्याची, ही वाटणी आमच्या लग्नाच्याही आधीची. कॉलेजात असताना दोघांना मिळून एकच ठोकळा मिळाला होता, तेव्हा भांडण नको म्हणून पाडलेली. पुढे संसार झाला, घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली, कामं येत गेली, पण वाटणी तीच राहिली. चेहरा, हात, मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या मी करायचे. पाठ, मान, केस आणि बसलेल्या माणसाचा भार नेमका कुठे पडतो, ते तो बघायचा. लोक पुतळ्याला समोरून पाहतात, त्यामुळे कौतुक माझ्या वाट्याला यायचं. तो म्हणायचा, "माणूस तोंडानं खोटं बोलतो. पाठीला ते जमत नाही." आणि वाक्य जरा जास्तच भारदस्त झालंय हे लक्षात येऊन स्वतःच हसायचा.

काम करताना आम्ही एकमेकांना दिसत नसू. मध्ये दगड असायचा. ऐकू मात्र येत असू. तो डावखुरा. तीन ठोके, मग थांबून धुळीवर एक फुंकर, पुन्हा तीन ठोके. त्या तालावर माझा हात आपोआप चालायचा. कुठे थांबायचं हे मात्र त्याला कधीच कळलं नाही. काम झालेलं असायचं, सुंदर झालेलं असायचं, आणि हा आपला कोरतोच आहे. मग मी वळसा घालून पलीकडे जायचे, त्याच्या हातोड्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "पुरे."

"थोडंच राहिलंय, मुकादम."

"काही राहिलेलं नाही. पुरे."

मग तो एखाद्या पोराच्या हातून खेळणं काढून घ्यावं तसा चेहरा करून हातोडा सोडायचा.

सार्वजनिक वाचनालयाचं काम आलं तेव्हा तो खोकत होता. नव्या इमारतीच्या वाचनकक्षात पुस्तक वाचत बसलेली बाई हवी होती, माणसाच्या मापाची, पांढऱ्या संगमरवरात. दगड शेडमध्ये येऊन उतरला त्या आठवड्यात तो दवाखान्यात होता. मी त्याला फोनवर दगडाचा फोटो दाखवला. त्यानं नाकातल्या नळ्या सांभाळत दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "पाठीकडचा भाग झकास आहे."

त्यानंतर तो घरी आला नाही. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभराची दगडाची पूड आत साठली होती.

२

घरात आता आम्ही दोघीच. मी आणि त्याची आई. मीही त्यांना आईच म्हणते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं पांढरं झालेलं, उजेड आणि सावली एवढंच काय ते कळायचं. पण भिंतीला हात लावत त्या घरभर फिरायच्या आणि मी एखादी खुर्ची हलवली तर ओरडायच्या.

काही आठवडे मी शेडचं दार उघडलं नाही. मग वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. मोठ्या समजुतीनं बोलल्या. घाई नाही म्हणाल्या आणि उद्घाटनाची तारीखही सांगितली. दुसऱ्या दिवशी मी काम सुरू केलं. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची, दुपारी घरी येऊन आईंना जेवायला वाढायचं, मग अंधार पडेपर्यंत शेड. मी फक्त पुढची बाजू करत होते. मागे कुणाला तरी घ्यावं लागणार होतं किंवा मलाच करावी लागणार होती. त्याचा विचार मी पुढे ढकलत राहिले.

बाईचं कपाळ आणि नाक दगडातून वर यायला लागलं, त्या सुमारास एकदा मी फरशी झाडायला मागच्या बाजूला गेले. उजव्या खांद्याच्या जागी, तळहाताएवढ्या भागात, दातेरी छिन्नीच्या रेघा होत्या. ताज्या, खरबरीत, साखरेसारख्या पांढऱ्या.

प्रत्येकाच्या रेघांना एक कल असतो. माझ्या उजव्या हाताच्या रेघा वरून खाली येताना डावीकडे झुकतात. ह्या उजवीकडे झुकल्या होत्या.

मी बराच वेळ केरसुणी हातात धरून उभी होते. मग स्वतःला समजावलं की खाणीवरच कुणीतरी दगड तपासला असेल, तिथे काय एखादा डावखुरा नसेल? उतरवताना माझ्या लक्षात आलं नसेल, मी तेव्हा भानावर कुठे होते. खाली फरशीवर त्या जागेच्या बरोबर खाली पूड सांडलेली होती. ती मी झाडून टाकली. तिचं काही स्पष्टीकरण मी शोधलं नाही.

३

"आज लवकर थांबला," आई रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या.

"कोण?"

"कोण काय? तू गेट उघडलंस आणि थांबला. तू आलीस की थांबतो तो."

ह्या वयात असं होतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या आजीला शेवटी शेवटी वाटायचं की तिची बहीण स्वयंपाकघरात आहे.

"आई, शेजारी बांधकाम चाललंय. तिथला आवाज असेल."

"शेजारच्या गवंड्याला फुंकर मारायची सवय आहे होय?" आई म्हणाल्या. "मी आंधळी झालेय, बहिरी नाही. तीन ठोके आणि फुंकर. लहानपणी पाटीवर पेन्सिल घासायचा तेव्हाही असंच. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?"

त्या आनंदात होत्या. त्याच्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला होता. खांद्यावरची शाल त्यांनी दोन्ही हातांवरून घट्ट ओढून घेतली होती. म्हणाल्या, "मला चमचा दे. बोटं कापतात हल्ली." मी चमचा दिला. तोही त्यांना नीट धरता येईना, तेव्हा मी भरवलं. त्या हसत होत्या. "बघ, सून भरवतेय आणि लेक कामावर गेलाय," म्हणाल्या.

मी मात्र झोपताना शेडला बाहेरून कुलूप लावलं. सकाळी शाळेत जाताना काढून ठेवलं. का काढलं, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

४

पाठ आकाराला येत गेली.

मी रोज घरी आल्यावर आधी शेडमध्ये जायचे, चपलाही न काढता. मान झाली. मानेवर सैल आंबाडा झाला. खांदे झाले, आणि त्यातला उजवा किंचित खाली उतरलेला. वर्षानुवर्षं हातोडा चालवणाऱ्या बाईचा उतरतो तसा. मानेखालचं एक हाड जरा जास्तच वर आलेलं. मी घरात जाऊन दार लावून घेतलं, कपाटाच्या आरशाकडे पाठ केली आणि हातातला छोटा आरसा धरून पाहिलं. माणसानं स्वतःची पाठ कधी पाहिलेली नसते. मी त्या दिवशी पाहिली. ती मला आधीच माहीत होती, कारण मी ती शेडमध्ये पाहून आले होते.

माझं डोकं ठिकाणावर आहे ना, हे मी तपासून पाहिलं. मीच करत असेन आणि विसरत असेन, असं धरून डाव्या हातानं छिन्नी मारून बघितली. दगडावर नुसते ओरखडे उठले आणि अंगठा सुजला. फोन रेकॉर्डिंगला लावून शेडमधल्या फळीवर ठेवला, गेटपर्यंत गेले आणि परत येऊन तो उचलला. त्यात काहीच आलं नसतं तर? आणि आलं असतं तर?

खरं सांगायचं तर मला भीती कमी वाटत होती. मत्सर जास्त. मी त्याची बायको, त्याच्याबरोबर उभं आयुष्य दगड फोडण्यात घालवलेली, आणि ते ठोके ऐकू येत होते आईंना.

"काही बोलतो का तो?" मी एकदा विचारलंच.

"कामात असताना तो कधी बोलायचा?"

"मी घरी असताना का नाही येत?"

आईंनी पांढरे डोळे माझ्या दिशेनं वळवले. मग म्हणाल्या, "तू थांबवशील म्हणून."

त्यानंतर मी मुद्दाम बाहेर राहू लागले. शाळा सुटल्यावरही घरी जात नसे. वाचनालयात जाऊन बसायचे. वाचनकक्षात अजून रंगाचा वास होता, लाकडी टेबलांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, आणि मधोमध एक रिकामा चौथरा होता. मी त्या चौथऱ्यासमोर पुस्तक उघडून बसायचे. एक ओळही वाचत नसे. माझ्या घरात आत्ता तीन ठोके पडत असतील, फुंकर बसत असेल, एवढंच डोक्यात असायचं. नवऱ्याला घर मिळावं म्हणून बायकोनं बाहेर बसायचं. पण त्या काळात मी सुखी होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ग्रंथपालबाई चहा घेऊन यायच्या. त्यांना वाटायचं, मला जागेचा अंदाज घ्यायचाय.

"काम कसं चाललंय, ताई?"

"छान. मी इथे असले की जास्त चालतं."

त्यांना तो विनोद वाटला. त्या मनापासून हसल्या आणि मीही हसले.

५

मग आईंना खोकला लागला.

सुरुवातीला कोरडा, घसा खाकरल्यासारखा. मग रात्रभर. त्या आवाजानं मी दचकून उठायचे, कारण तो खोकला माझ्या ओळखीचा होता. भिंतीपलीकडून यायचा आणि क्षणभर मला वाटायचं, दवाखाना वगैरे सगळं खोटं होतं.

त्या वाळत चालल्या होत्या. खांद्यांची हाडं शालीतून दिसू लागली. केस विंचरायला बसले तर भांगात पांढरी पूड. शेडमधून वाऱ्यानं येत असेल, म्हणून मी दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली. हात बघू म्हटलं तर त्यांनी शालीत आणखी आत ओढून घेतले. "थंडी वाजते," म्हणाल्या. खिडकीबाहेर ऊन होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीला नळी लावली, दोनदा जागा बदलून पुन्हा ऐकलं.

"ह्या कुठे धुळीत असतात का?"

"घरामागे आमचं दगडाचं काम आहे. पण ह्या आत येत नाहीत. त्यांना दिसत नाही."

"असं कसं?" डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. मग आईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाले, "त्यांना धुळीपासून लांब ठेवा. वय बघता फार वेळ नाही मिळणार."

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन पाठीसमोर उभी राहिले. ती पूर्ण होऊन आठवडा तरी उलटला असेल. पूर्ण म्हणजे काय, तिथे हात ठेवला तर कातडीखाली श्वास लागेल असं वाटावं, इतकी. आणि तो थांबला नव्हता. दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, जिथे माझा हात माझा मला पोचत नाही तिथे, एक खळगा पडला होता. काल तो वाटीएवढा होता. आज माझा हात मनगटाच्याही वरपर्यंत आत गेला.

मी तीन-चार दिवस घरीच राहिले. शाळेला कळवलं. घर गप्प होतं. खळगा वाढला नाही, आईंचा खोकला जरा उतरला, आणि आईंनी जेवण सोडलं.

"तू कामाला का जात नाहीस?"

"सुट्टी आहे."

"मग बाजारात जा. वाचनालयात जा. कुठेतरी जा गं."

"आई, तुम्हाला बरं नाही."

"मला काय धाड भरलीय?" त्या रडायलाच लागल्या. त्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी येताना बघवत नाही. "त्याचं थोडं राहिलंय. तुला काय त्रास आहे त्याचा? थोडंच राहिलंय, करू दे की त्याला."

मी चपला घातल्या, गेट वाजेल असं जोरात लावलं आणि निघाले.

६

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. तिथे काहीतरी विकत घ्यायचं म्हणून साबण घेतला. मग पाय पुढे जाईनात. मी परत फिरले. गेटकडून नाही, मागच्या गल्लीतून, जिथून दगड आत घेतो त्या बाजूनं.

भर दुपार होती. गल्लीत एक कुत्रं सावलीला पसरलेलं. आणि पत्र्यापलीकडून ठोके येत होते.

तीन. फुंकर. तीन.

मी तिथे पत्र्याला हात टेकून उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. पत्रा प्रत्येक ठोक्याला तळहाताखाली थरथरत होता. मला आत जायचंच नव्हतं. मला फक्त ऐकायचं होतं. तो जिवंत असता तर ह्या क्षणी मी पुढच्या बाजूला असते आणि माझा हात त्या तालावर चालत असता. मग आत कुणीतरी खोकलं. ठोके चालू असतानाच खोकलं, आणि ठोके त्या खोकल्यासाठी थांबले नाहीत.

मी दार ढकललं.

आई दगडाच्या मागे, पालथ्या खोक्यावर उभ्या होत्या. शाल खाली पडलेली. हातोडा डाव्या हातात, छिन्नी उजव्या. तो हातोडा मलाही सलग चालवता येत नाही. त्यांची मान एका बाजूला कललेली होती, डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं. दोन्ही हात तेवढे कामात होते आणि बाकी सगळं अंग त्या हातांना टांगल्यासारखं लोंबत होतं. त्यांच्या टाचा खोक्याला टेकलेल्या नव्हत्या.

मनगटांच्या जरा वर, दोन्ही हातांवर, सुरकुतलेली कातडी आत दबलेली होती. कुणी मुठीत धरल्यावर दबते तशी.

तीन ठोके पडले. मग विराम. आईंचे ओठ हलले नाहीत. खळग्यातली पूड भस्सकन उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात पसरली.

मी त्या पुडीकडे पाहत होते. ती आईंच्या चेहऱ्यापाशी तरंगत आली, पुढे सरकली आणि हवेत एका जागी अडून, दोन्ही बाजूंनी वळसा घालून खाली उतरली. तिथे काय होतं ते मी पाहिलं नाही. माझी नजर छिन्नीच्या दांड्यावर गेली. तो लाल झाला होता. आईंच्या बोटांवर कातडी अशी उरलीच नव्हती.

"पुरे," मी म्हणाले.

हातोडा वर गेलेला होता, तो तिथेच राहिला.

"थोडंच राहिलंय, मुकादम."

आवाज आईंचा होता, ओढलेला, खोकल्यानं फाटलेला. मुकादम हे नाव तो फक्त शेडमध्ये घ्यायचा. आता कुणी म्हणेल, पत्र्याच्या भिंती, आवाज घरात जात असेल, त्यांनी कधीतरी ऐकलं असेल. मीही स्वतःला तेच सांगते.

मी वळसा घालून गेले. हातोड्याच्या लोखंडावर हात ठेवला. तो हट्टानं वर ओढला जात होता, मला ती ओढ चांगली माहीत आहे.

"पुरे रे," मी म्हणाले. "आईचे हात आहेत ते."

ओढ गेली. एकदम नाही, आधी थोडी सैल झाली, जणू विचार करतोय, आणि मग गेली. हातोडा माझ्या हातात आला आणि आई माझ्या अंगावर कोसळल्या. त्यांचं वजन दोरीवरून वाळलेली चादर काढावी एवढंच लागलं. मी त्यांना कवटाळून तिथेच पुडीत बसले. खूप वेळ मान वर केली नाही. वर करण्यासारखं काही तिथे उरलंच नव्हतं, हे माझ्या पाठीला कळत होतं.

७

हातांच्या जखमा भरल्या. खोकला हळूहळू गेला. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, आनंदही झाला. म्हणजे मी आईंना वाचवलं, असं म्हणता येईल.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी कान दिला. गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली, नळ गळत होता. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घालवलंस ना त्याला?"

"आई, तुम्ही मेला असतात."

"हो." त्या म्हणाल्या. जणू मी तारीख सांगितली होती आणि ती बरोबर होती.

त्यानंतर त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. चहा दिला तर घ्यायच्या, औषध दिलं तर गिळायच्या. मी शाळेतून आले की विचारायचे, "काही ऐकू आलं?" मला वाटायचं, हो म्हणाव्यात. त्या मान हलवायच्या, नाही. एकदाच त्या आपणहून बोलल्या. मी बँडेज बदलत होते.

"पहिल्या वेळी तो गेला तेव्हा डॉक्टर होते, नळ्या होत्या, आपण दोघी बाहेरच्या बाकावर होतो. कुणाला दोष द्यायचा? ह्या वेळी तू होतीस."

मी बँडेजची गाठ मारली. त्यांनी हात मागे घेतला नाही, तो माझ्या हातात तसाच राहू दिला. बस, तेवढंच.

महिन्याभरात नणंद येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. हवापालट म्हणून. मी अधूनमधून फोन करते. नणंद म्हणते, "आई झोपलीय." दुपारी, संध्याकाळी, कधीही केला तरी त्या झोपलेल्याच असतात.

८

मी पुतळा पूर्ण केला. चेहरा, पुस्तक धरलेले हात, वस्त्र. मागच्या बाजूला फक्त खळग्याच्या कडा घासल्या. भरता आला असता. संगमरवराची पूड आणि डिंक मिसळून असा भरतात की कुणाला कळतही नाही. मी भरला नाही.

वाचनालयात त्यांनी तो पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला पाठ करून बसवला. वाचणाऱ्या बाईच्या पुस्तकावर मागून उजेड पडावा, ही ग्रंथपालबाईंची कल्पना. चौथराही त्यासाठी हलवून खिडकीच्या काचेला इतका लगटून ठेवला की मागे हात घालून पुसायचं तर लांब काठीला फडकं बांधावं लागतं.

उद्घाटनाच्या दुपारी ऊन खिडकीपर्यंत आलं आणि सगळ्यांची भाषणं थांबली. बाईच्या छातीवर, पुस्तकाच्या जरा वर, तळहाताएवढी जागा आतून उजळली. संगमरवर पातळ झाला की त्यातून उजेड झिरपतो. बोटांआड दिवा धरला की बोटं दिसतात तसा रंग येतो, कोवळा, लालसर. टाळ्या वाजल्या. वाचणाऱ्याच्या हृदयात दिवा, असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी ते छापूनही आलं. मला विचारलं, हे कसं सुचलं. मी म्हटलं, "मागची बाजू माझी नाही." त्यांना तो विनय वाटला.

माणसं पांगल्यावर मी जवळ जाऊन ती जागा बोटानं चाचपली. पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढी जाडी उरली असेल, नसेल. तेव्हा मला उमगलं. मी समजत होते, त्याला नेहमीप्रमाणे थांबता येत नाहीये. तो पाठ कोरतच नव्हता. पाठ केव्हाच झाली होती. उभा जन्म दगडाच्या त्या बाजूला काढलेला माणूस, तो ह्या बाजूला यायला निघाला होता.

मी दुपारची तिथे जाऊन बसते. समोरची खुर्ची आता माझीच झालीय, लोक रिकामी ठेवतात. पुस्तक उघडते. ऊन येतं, ती जागा उजळते, ऊन उतरलं की मावळते. मी घरी येते.

परवा ऊन चांगलं कडक होतं. जागा उजळली, नेहमीपेक्षा जास्तच. मी बघत होते. मग तिच्या खालच्या कडेनं अंधारायला सुरुवात झाली. दिवा विझतो तशी नाही. मागे कुणीतरी जवळ येत जावं, आणखी जवळ, तशी. होता होता सगळा उजेड झाकला गेला आणि छातीचा दगड नुसता दगड झाला.

टेबलामागून ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ढग आला वाटतं, ताई."

मी फरशीकडे पाहिलं. पुतळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उन्हाचे दोन पट्टे पडले होते, लख्ख, कडा धारदार. त्यात धुळीचे कण फिरत होते.

"हो," मी म्हटलं. "ढगच असेल."

आणि खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली.